कामाच्या ठिकाणी एकत्र जेवण: कमी खर्चात रोजचं ताट कसं चालवायचं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती वीस ते पन्नास माणसांच्या जागांसाठी आहे: भोसरी-चाकणचं वर्कशॉप, अंबड किंवा वाळूजमधला छोटा कारखाना, शहरातलं ऑफिस, छापखाना, गोदाम. सगळा हिशोब ३० पानांचा, म्हणजे तीस जेवणाऱ्यांचा धरला आहे. भाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा हिशोबाची पद्धत घ्या.

प्रत्येकजण डबा आणतोच की. मग हा खटाटोप कशाला?

ज्यांच्या घरी सकाळी सहाला उठून डबा करून देणारं कोणी आहे, त्यांचं ठीक चाललेलं असतं. पण खोली घेऊन राहणारी पोरं, परप्रांतातून आलेले कामगार, रात्रपाळी करून आलेला माणूस आणि घरचं सगळं उरकून कामावर येणाऱ्या बायका यांचं दुपारचं जेवण बहुतेक वेळा वडापाव आणि चहावर निभतं. एकत्र जेवण यांच्यासाठी आहे. डबा आणणाऱ्यांनी डबा बंद करायची गरज नाही. ते ताटाला ताट लावून बसतात आणि महिन्या-दोन महिन्यांत त्यातले बरेचजण पानात येतात.

एका ताटाला खरोखर किती खर्च येतो?

तीन पोळ्या, भाजी, आमटी, भात, कोशिंबीर असं ताट धरू. उदाहरणासाठी तांदूळ ६० रुपये किलो, तूरडाळ १३०, कणीक ४२, भाजी सरासरी ४५, तेल १५० रुपये लिटर. तीस पानांना तांदूळ १४४ रुपयांचा, डाळ १५६, कणीक १०९, भाजी १६२, तेल ६८, मसाला-मीठ-गूळ-कोथिंबीर ६०, कोशिंबिरीची काकडी ४८. शिधा झाला ७४७ रुपये. भांडी घासायचा साबण, काथ्या, फडकी यांचे रोजचे ३० धरा, म्हणजे ७७७. ताटामागे २६ रुपये.

आता जे धरायचं विसरतं ते. गॅस रोज साधारण एक ते सव्वा किलो लागतो. शंभर रुपये धरा. स्वयंपाकाच्या ताईंचा पगार महिना १४,००० आणि कामाचे दिवस २५ असतील तर रोजचे ५६०. हे दोन्ही मिळवले की ताट जातं ४८ रुपयांवर. सरकारच्या शिवभोजन थाळीचा खर्च शहरी भागात ५० रुपये धरला होता आणि ग्राहकाकडून १० घेतले जायचे, उरलेलं अनुदान. म्हणजे आपला आकडा काही वेगळा नाही.

तेव्हा साधी वाटणी अशी: पगार आणि गॅस मालकाने उचलायचा, शिधा जेवणाऱ्यांनी. माणसाला २५-३० रुपयांत पोटभर जेवण मिळतं आणि कोणी कोणावर उपकार करत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पगाराचे ५६० रुपये तीस माणसांत १९ रुपये होतात, वीस माणसांत २८. शिधा माणसांबरोबर कमी होतो, पगार होत नाही. वीसपेक्षा कमी पानं असतील तर स्वतःचं स्वयंपाकघर काढू नका, त्याचा मार्ग शेवटी दिला आहे.

तीस माणसांना शिधा किती काढायचा?

तांदूळ माणशी ८० ग्रॅम, म्हणजे २ किलो ४००. पोळी नसेल आणि नुसता मसालेभात किंवा खिचडी असेल तर डाळ-तांदूळ मिळून १३०-१४० ग्रॅम. तूरडाळ माणशी ४० ग्रॅम, एकूण १ किलो २००. यात सहा लिटर आमटी होते, म्हणजे माणशी एक मोठी वाटी. कणीक २ किलो ६००. मटकी, मूग, चवळी कोरडी असताना माणशी ३५-४० ग्रॅम. भिजून मोड आले की वजन दुपटीच्या वर जातं. बेसन पिठल्याला माणशी ३०-३५ ग्रॅम.

भाजीत गोंधळ होतो तो निवडणीमुळे. बटाटा, दुधी, कोबी माणशी १२० ग्रॅम पुरतो. फ्लॉवर, मटार किंवा शेवग्याच्या शेंगा असतील तर जे टाकून जातं ते वजनात धरा. पालेभाजीला माणशी दोनशे ग्रॅम निवडलेली लागते, कारण कढईत ती डोळ्यांदेखत मूठभर होते. म्हणून तीस माणसांना नुसती परतलेली मेथी परवडत नाही. डाळ किंवा बेसन लावून पातळ भाजी केली की निम्म्या पाल्यात भागतं.

कष्टाचं काम असेल – फाउंड्री, लोडिंग, प्रेस – तर भात आणि पोळी दीडपट धरा. ऑफिसच्या मापाने कारखान्यात शिधा काढला तर पहिल्याच दिवशी लोक अर्धपोटी उठतात.

पोळ्या घरात करायच्या की बाहेरून आणायच्या?

वेळ आणि पगार खातं ते हेच काम. एक किलो कणीक साधारण ६०० मिलिलिटर पाण्यात मळली की १,६०० ग्रॅम गोळा होतो. ४५ ग्रॅमची लाटी घेतली तर ३५ पोळ्या. नव्वद पोळ्यांना सराईत हाताला एका तव्यावर दोन तास. दोन तवे आणि दोन माणसं, एक लाटतंय, एक भाजतंय, तर सव्वा तास.

जवळ महिला बचत गट किंवा पोळी-भाजी केंद्र असेल तर पोळ्या तिथून घ्या. आमटी-भात-भाजी एक माणूस अडीच तासांत करू शकतो. पोळ्या धरल्या की तोच माणूस साडेचार तास उभा राहतो. बाहेरच्या पोळीला दोन अटी घाला: वजन ठरलेलं, आणि डबा बंद करण्याआधी पोळ्या पाच मिनिटं जाळीवर निवलेल्या. गरम पोळ्यांवर तसंच झाकण टाकलं की वाफेचं पाणी सुटतं, वरच्या दहा चांगल्या राहतात आणि खालच्या ओल्या, चिकट होतात. डब्याला आतून सुती कापड लावा.

पोळीवाल्या आल्या नाहीत तर? सोलापूरकडची कडक भाकरी पेटीत ठेवा. कोरड्या जागी ती बरेच दिवस टिकते, आमटीत चुरून पोट भरतं. पाव हा दुसरा पर्याय आहे, पण तो रोजचा करू नका.

किती माणसं जेवणार हे कसं कळायचं?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो. विचारायला हवा सगळ्यात आधी. एकत्र जेवण महाग पडतं ते डाळीच्या भावामुळे नाही, न मोजलेल्या पानांमुळे. रोज पाच पानं जास्त शिजली तर महिन्याला सव्वाशे ताटं फेकली जातात.

दाराशी एक फळा लावा. त्यावर सगळ्यांची नावं कायमची रंगवलेली आणि नावापुढे एक खिळा. जेवणाऱ्याने आल्या आल्या आपला बिल्ला खिळ्यावर अडकवायचा. साडेनऊ वाजता स्वयंपाकाच्या ताई बिल्ले मोजतात आणि आकडा खडूने वर लिहितात. त्या आकड्यात दोन मिळवून शिधा तराजूवर काढायचा. पाहुणा, ड्रायव्हर, कुरिअरवाला कोणीतरी येतोच. मोबाइलच्या ग्रुपवर विचारणा करून बघतात लोक, पण तिथे अर्धे उत्तर देत नाहीत आणि ‘मी पण’ हा निरोप अकरा वाजता येतो.

साडेनऊनंतर बिल्ला लावता येणार नाही. बिल्ला लावून जेवला नाही तरी ताटाचे पैसे लागतील. हे दोन नियम मालकालाही लागू असले पाहिजेत, नाहीतर आठवडाभरात फळा शोभेचा होतो.

सोबत एक वही. रोजचा आकडा, पातेल्यात किती उरलं आणि खरकट्याच्या बादलीचं वजन. पातेल्यात उरलं तर मोजणी किंवा माप चुकलं. ताटात उरलं तर चव किंवा वाढणं चुकलं. दोन्हीचे उपाय वेगळे आहेत, म्हणून दोन रकाने. पंधरा दिवसांची वही समोर असली की दर गुरुवारी भात उरतो हे आपोआप दिसतं.

भांडी कोणती लागतात?

१२ लिटरचा कुकर डाळीसाठी. १ किलो २०० डाळीला साडेतीन लिटर पाणी, चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल; तेलामुळे फेस कमी येतो. डाळीला कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. फेस वर चढून शिट्टीत अडकतो, वाफेला वाट राहत नाही आणि अपघात होतो.

या कुकरमध्ये तीस माणसांचा भात होत नाही. एक किलो तांदळाला जवळपास सव्वा लिटर जागा लागते. दुप्पट पाणी धरलं की कुकर त्याच्या दोन-तृतीयांश मर्यादेपलीकडे जातो. भाताला १६ लिटरचं जाड बुडाचं, पसरट पातेलं घ्या. शिवाय १० लिटरचं पातेलं आमटीला, मोठी कढई, परात, दोन तवे, दहा किलोचा तराजू, आणि ठरलेल्या मापाचे डाव. ताट-वाट्या पानांच्या संख्येपेक्षा पाच जास्त.

अ‍ॅल्युमिनियम स्वस्त पडतं, पण चिंच, कोकम, टोमॅटो घातलेली आमटी त्यात ठेवली की भांडं खडबडीत होतं आणि चव उतरते. आमटीला स्टीलच घ्या. पितळेची पातेली कोणी दिली तर आधी कल्हई करून घ्या.

घरचा सिलिंडर वापरला तर चालेल का?

नाही. १४.२ किलोचा लाल सिलिंडर घरगुती वापरासाठीच असतो. कामाच्या ठिकाणी १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. रोज सव्वा किलोच्या हिशोबाने तो पंधरा दिवस जातो, दोन ठेवा. सिलिंडर उभाच, शेगडी सिलिंडरच्या वरच्या पातळीवर, आणि नळी आयएसआय छापाची. त्या नळीवर छापलेली मुदत एकदा वाचून भिंतीवर लिहून ठेवा. थिनर, रंग, ग्राइंडिंगच्या ठिणग्या असतील त्या शेडमध्ये शेगडी नको. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो; म्हणून खिडकीइतकंच खाली झरोका असणं महत्त्वाचं.

घरी जमणारी आमटी मोठ्या पातेल्यात बिघडते ती का?

चार माणसांच्या मापाला आठने गुणलं म्हणून. मोठ्या पातेल्यातून वाफ त्या मानाने कमी जाते, त्यामुळे आठपट पाणी आटत नाही आणि आमटी पांचट होते. पाणी थोडं राखून ठेवा, शेवटी लागेल तसं उकळतं घाला. तिखट आणि गोडा मसाला पाच-साडेपाचपट घालून चव बघा, मग वाढवा. सहा लिटरच्या फोडणीला १२० मिलिलिटर तेल पुष्कळ होतं.

मिठाचं मात्र सरळ आहे: लिटरला नऊ-दहा ग्रॅम. हाताच्या अंदाजाने न घालता वाटीने मोजा. ज्या दिवशी नेहमीच्या ताई रजेवर असतात त्या दिवशी हा आकडाच जेवण वाचवतो.

भाताची तक्रार म्हणजे खाली करपलेला, वर कच्चा. तांदूळ धुऊन वीस मिनिटं भिजवा, पाणी आधी उकळा, मग तांदूळ घाला. पाणी वरून दिसेनासं झालं की पातेल्याखाली जाड तवा सरकवा, झाकणावर वजन ठेवा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. जुन्या तांदळाला दुप्पट किंवा किंचित जास्त पाणी, नव्याला पावणेदोनपट. पोतं बदललं की पहिल्या दिवशी अर्धा किलो शिजवून बघा.

आठवड्याचा मेनू कसा ठरवायचा?

रविवारी सुट्टी असेल तर सोमवारी उसळ ठेवू नका, कारण कडधान्य भिजवायला कोणी नसतं. सोमवारी बटाट्याची भाजी आणि मुगाचं वरण. मंगळवारी मटकीची उसळ आणि कढी. बुधवारी वांगं-बटाटा किंवा अंडाकरी. गुरुवारी पिठलं. शुक्रवारी पातळ पालेभाजी. शनिवारी मसालेभात किंवा खिचडी, पापड, कढी. त्या दिवशी पोळ्या नाहीत, म्हणून सिलिंडर आणि हात दोन्हीला विश्रांती.

तूरडाळ महागली तर आमटीत अर्धी मसूर घाला, चव फारशी बदलत नाही. मोड आणताना ऋतू बघा: उन्हाळ्यात मटकी दहा-बारा तासांत तयार होते आणि त्यापुढे आंबते, थंडीत पूर्ण दिवस लागतो. कांद्याचं पोतं पावसाळ्यात घेऊ नका. दुधी चिरताना प्रत्येकाचा तुकडा जिभेला लावा. कडू लागला तर तो अख्खा फेका, कडू दुधी खरंच बाधतो.

उपास, मांसाहार, कांदा-लसूण यांचं काय?

सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, श्रावण, रमजानचे रोजे: हे सगळं फळ्यावरच कळतं, बिल्ला लागत नाही. उपासाचं वेगळं शिजवत बसू नका. दाण्याचा लाडू, केळी, ताक ठेवलं तरी माणूस उपाशी राहत नाही.

कांदा-लसूण न खाणारे दोघे-तिघे असतील तर फोडणीआधीचं साधं वरण दोन वाट्या बाजूला काढा. त्याला खर्च शून्य आणि मान मोठा. अंड्याच्या दिवशी वेगळी कढई, वेगळा डाव, आणि शाकाहारी भाजी आधी शिजवायची. मटण-मासे स्वयंपाकघरात नकोत. तत्त्वापेक्षा साठवणुकीचा प्रश्न मोठा आहे.

पंगत मात्र एकच. साहेबांचं ताट केबिनमध्ये जाऊ लागलं की दोन महिन्यांत आमटी पातळ होते, कारण तक्रार ऐकणारा माणूस तीच आमटी खात नसतो. जात, धर्म, हुद्दा यांवरून वेगळी ताटं किंवा वेगळे पेले कोणी मागितले तर स्पष्ट नाही म्हणा.

वाढायचं कसं? शेवटच्यांना भाजी उरत नाही.

भाजी एकानेच वाढायची, ठरलेल्या डावाने, प्रत्येकाला एक. बाकी आमटी, भात, कोशिंबीर हवं तेवढं. पोळ्या आधी दोन, सगळ्यांना मिळाल्यावर पुढची. दोन तुकड्यांत जेवत असाल तर दुसऱ्या तुकडीचं वेगळ्या झाकणाच्या भांड्यात आधीच काढा.

पैसे कसे गोळा करायचे?

महिन्याच्या शेवटी, फळ्यावरच्या हजेरीप्रमाणे. रोज सुट्टे मागणं कटकटीचं आणि अपमानाचं होतं. मुंबईच्या गिरणगावात खाणावळवाल्या बायका गिरणी कामगारांना महिनाभर उधारीवर जेवू घालत आणि पगाराला हिशोब होई; त्याच बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या बायकांची अडचण होती ती महिनाभराचा किराणा आधी भरायची. तीच इथेही येते: पहिल्या महिन्याच्या शिध्याचे वीसेक हजार आधी लागतात. ते मालकाने बिनव्याजी द्यावेत. पगारातून कापायचे असतील तर प्रत्येकाची लेखी संमती घ्या. किराणा-भाजीच्या पावत्या आणि वही तिघांच्या समितीकडे, त्यात एक तरी शॉप-फ्लोअरचा माणूस. हिशोब दर महिन्याला फळ्याशेजारी लावा.

उरलेलं दुसऱ्या दिवशी चालतं का?

शिजवलेलं नाही. भातात शिजवल्यानंतरही काही जिवाणूंचे बीजाणू टिकतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांतल्या काहींचं विष पुन्हा गरम करून जात नाही. उसळीचं जाड पातेलं बाहेरून गार लागतं, आत संध्याकाळपर्यंत कोमट असतं. अन्न ६० अंशांच्या वर गरम राहिलं पाहिजे, नाहीतर दोन तासांत संपलं पाहिजे. उरेल ते जेवण झाल्या झाल्या, गरम असतानाच कोणी घरी नेत असेल तर देऊन टाका.

कोणाला बाधलंच तर?

प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून, तारीख लिहून फ्रिजमध्ये २४ तास ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. तक्रार आली की नमुना हातात असतो. स्वयंपाक करणाऱ्याला जुलाब, उलट्या किंवा हाताला चिघळलेली जखम असेल तर त्या दिवशी भरपगारी रजा. पगार कापला जाणार असेल तर आजार कोणी सांगत नाही. पाण्याची टाकी घासल्याची तारीख टाकीवरच लिहा.

स्वयंपाकाच्या ताईंशी काय ठरवायचं?

कामाचे तास, पगार, आठवड्याची सुट्टी, रजेच्या दिवशी कोण, हे लेखी. भाजी चिरायला आणि भांड्यांना वेगळा मदतनीस नसेल तर प्रत्येकाने आपलं ताट आपण घासायचं. मोठी भांडी पाळीपाळीने. त्यांचं जेवण पानात धरलेलं असावं आणि सगळ्यांसोबत गरम असावं. मेनू ठरवताना त्यांना विचारा, कुठली भाजी बाजारात स्वस्त झाली हे त्यांना सगळ्यांत आधी कळतं.

परवाना लागतो का?

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधली अन्न व्यवसायाची व्याख्या ‘नफ्यासाठी असो वा नसो’ अशी आहे. ‘आम्ही नफा घेत नाही’ एवढ्यावर सुटका होत नाही. फॉस्कॉस या सरकारी अन्न-परवाना पोर्टलवर छोट्या व्यवसायाची नोंदणी करून घ्या. बाहेरून जेवण घेत असाल तर पुरवणाऱ्याचा क्रमांक मागा.

कँटीनची सक्ती ही वेगळी गोष्ट. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ४६ मध्ये ती २५० पेक्षा जास्त कामगारांच्या कारखान्यांना होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा आकडा १०० वर आला आहे. जुन्या कलमातली एक गोष्ट छोट्या जागांनीही उचलावी: काही खर्च जेवणाच्या दरात न धरता मालकाने सोसायचा, आणि कँटीनच्या समितीत कामगारांचे प्रतिनिधी.

आमच्याकडे स्वयंपाकघरच नाही, माणसंही बाराच आहेत.

मग भात आणि वरण तेवढं जागेवर करा. पाच लिटरचा विजेचा राइस कुकर, पाच लिटरचा कुकर आणि एक इंडक्शन शेगडी एवढ्यात बारा माणसांचं होतं. दोन्ही उपकरणं वेगवेगळ्या प्लगवर लावा, एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावली तर वायर तापते. पोळी आणि भाजी बचत गटाकडून, नगावर आणि किलोवर. बारा माणसांना दीड किलो शिजलेली भाजी पुरते. शेजारच्या गाळ्यातल्या दहा-बारा जणांना सोबत घेता आलं तर पुढच्या महिन्यात पोळी-भाजीचा दर नव्याने बोलता येतो आणि वीस पानं झाली की ताईंच्या पगाराचं गणितही जमायला लागतं.